भिंतीवरच्या बंदुका आणि कोरी वही

मागील अंकात आमच्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी निवृत्तीनंतरच्या शस्त्रसंग्रहाविषयी लिहिलेला लेख वाचकांच्या स्मरणात असेलच. लेख रसाळ होता, ही गोष्ट आम्ही आरंभीच मान्य करतो. नोकरी संपली, मुले पुण्या-बंगळुरास गेली, वरच्या मजल्याची खोली रिकामी झाली. अशा वेळी जुन्या वाड्यांतून निघणाऱ्या बंदुका विकत घेऊन, त्या घासूनपुसून लखलखीत करून, दिवाणखान्याच्या भिंतीवर मांडाव्या, हा छंद लेखकमहोदयांना लागला. सहा वर्षांत त्यांच्याकडे एकोणीस नग जमले. या उद्योगास त्यांनी ‘पूर्वजांच्या पराक्रमाचे जतन’ असे नाव दिले असून आपल्या समाजातील अन्य निवृत्तांनीही हा मार्ग धरावा असे आवाहन केले आहे. त्यानंतर दोन मासिक बैठकांत या लेखाची वाहवा झाली, आणि आमच्या माहितीतील किमान तीन गृहस्थ बुंदेलखंडाकडे बंदुका पाहावयास जाऊन आले.

आम्हांस हे आवाहन मान्य नाही. लेखकमहोदय वयाने आम्हांहून वडील आहेत, त्यांच्या घरचा चहा आम्ही अनेक वेळा घेतला आहे, आणि त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. पण हेतू निर्मळ असला म्हणजे कृती निरुपद्रवी ठरते असे नव्हे; आणि आमच्या या छोट्या त्रैमासिकात ज्याला उत्तर दिले जात नाही ते सर्वसंमत समजले जाते, असा आजवरचा अनुभव आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आम्ही शस्त्रांचे शत्रू नव्हेत. ज्या गावात आमच्या पाच पिढ्या गेल्या त्या गावाचे नावच ‘लष्कर’. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पडली आणि ती पुन्हा उठलीच नाही, तिचेच शहर झाले. खंडेनवमीस आमच्या घरीही एक जुनी तलवार पाटावर येते, तिला गंधफूल वाहिले जाते. ब्रिटिश हिंदुस्थानात लिटनच्या कारकीर्दीत 1878 चा शस्त्रकायदा आला आणि त्याने प्रजेला नि:शस्त्र केले, याचा राग आमच्या आजोबांच्या पिढीने उराशी बाळगला होता. संस्थानी मुलखात तो कायदा जसाच्या तसा लागू नव्हता, म्हणून तर ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास इकडच्या वाड्यांतून इतकी हत्यारे शिल्लक राहिली. ती वस्तू म्हणून मोलाची आहेत, जपण्याजोगी आहेत, याविषयी वाद नाहीच. वाद आहे तो जपणे कशाला म्हणावे याविषयी.

लेखकमहोदयांचा लेख आम्ही तीनदा वाचला. एकोणीस नगांपैकी बहुतेकांचे वजन त्यात दिले आहे, नळीची लांबी दिली आहे, कबाडीने मागितलेली किंमत आणि घासाघीस करून ठरलेली किंमत दिली आहे, पॉलिशला किती दिवस लागले हेही दिले आहे. परंतु बंदूक कोणत्या गावाहून, कोणत्या घरातून, त्या घराच्या कोणत्या माणसाकडून आली, ही हकीकत केवळ दोन नगांविषयी आहे, आणि त्यातील एक ‘दतियाकडील असावी’ इतकीच. उरलेल्या सतरा बंदुका जणू आभाळातून पडल्या. ज्या बंदुकीचे गाव माहीत नाही, घर माहीत नाही, धनी माहीत नाही, तिच्यात कोणाच्या पूर्वजांचा पराक्रम जतन झाला? ती शिंद्यांच्या पलटणीतली की एखाद्या बुंदेल्या ठाकुराच्या गढीवरची, की जंगलात डुकरे मारणाऱ्या शिकाऱ्याची, की गेल्या तीस-चाळीस वर्षांत पर्यटकांसाठी ठोकून काढलेली? भिंतीवर लावल्यावर चारही सारख्याच दिसतात.

इथे थोडे तपशिलात शिरले पाहिजे, कारण पुष्कळांस वाटते की जुनी बंदूक म्हणजे एक लोखंडी नळी आणि एक लाकडी दस्ता. तसे नाही. आपल्याकडची तोड्याची बंदूक घ्या. यंत्र अगदी साधे: पेटता तोडा एका आकड्यात धरलेला असतो, चाप ओढला की आकडा खाली झुकतो, तोडा रंजकेला लागतो, रंजकेची आग कान्यातून आत जाते आणि बार उडतो. युरोपात चकमकीची बंदूक रूढ झाल्यावरही आपल्याकडे तोड्याची टिकली, कारण ती गावच्या लोहाराला दुरुस्त करता येई आणि दमट हवेत गारेच्या ठिणगीपेक्षा जळता तोडा अधिक भरवशाचा वाटे. पण खरे कसब नळीत आहे. चांगली नळी म्हणजे सरळ भोक पाडलेला गज नव्हे. लोखंडाच्या पट्ट्या, कधी पिळून, एका सळईभोवती वेढ्यावेढ्याने गुंडाळावयाच्या, तापवून ठोकून एकजीव करावयाच्या, मग आतून घासून साफ करावयाच्या. अशा नळीच्या पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. त्या लहरींवरून, तोंडाच्या घडणीवरून, काना कोठे काढला आहे यावरून, जाणकाराला नळी कोणत्या प्रांतातील हे पुष्कळदा सांगता येते. शिवाय राजस्थानच्या कित्येक संस्थानी शिलेखान्यांत हत्यारावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उठविण्याची चाल होती. बिकानेरची अशी शस्त्रे आज देशोदेशीच्या संग्रहालयांत आहेत आणि केवळ त्या ठिपक्यांच्या बळावर ओळखली जातात. ठिपके उथळ असतात. जुन्या तपकिरी थराखाली ते दबलेले असतात, तिरका उजेड टाकल्याशिवाय दिसत नाहीत.

हे आम्ही इतक्या ठासून सांगतो, कारण हे पाप आमच्या हातून घडले आहे. आम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या मामांच्या वाड्याची वाटणी झाली, आणि माळ्यावरून निघालेली एक तोड्याची बंदूक ‘तुला आवड आहे, तू ने’ म्हणून आमच्या वाट्याला आली. गंज पाहून आम्हांस लाज वाटली. विटकरीची पूड, लिंबू आणि मग बाजारचे पॉलिश. आठ दिवस आम्ही व आमचे नातू त्या नळीच्या मागे लागलो होतो. सातव्या दिवशी कान्यापासून वीतभर अंतरावर काही ठिपके आहेत असे नातवाने दाखविले. एक ‘स’ असावा, पुढे काही आकडे. आम्हांस वाटले, गंजाचे खड्डे. आम्ही आणखी जोर लावला. नळी आरशासारखी झाली. पुढे दोन वर्षांनी एका अभ्यासकाने ती हातात घेतली, खिडकीशी नेऊन तिरकी धरली, बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता परत ठेवली. त्यांच्या त्या मौनाइतकी मोठी शिक्षा आम्हांस आमच्या खात्याच्या चौकशीतही झाली नव्हती. दीड-दोनशे वर्षे त्या नळीने जे सांभाळले ते आम्ही आठवड्यात पुसून टाकले, आणि तेही जतनाच्या नावाखाली. तेव्हा लेखकमहोदयांनी पॉलिशच्या कृतीला दीड पान दिलेले पाहून आमच्या अंगावर काटा आला यात नवल नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वाडा विकला जातो तेव्हा बंदूक एकटी निघत नाही. तिच्याबरोबर दारूचे शिंग असते, रंजकेची लहान कुपी असते, गोळ्या ओतण्याचा साचा असतो, तोड्याची गुंडाळी असते, खांद्यावर टाकावयाचा चामडी पट्टा असतो; आणि खालच्या खोलीत, बहुधा लाकडी पेटीत, दप्तर असते. मोडीतील जमाखर्च, सरंजामाच्या याद्या, शिलेखान्याची नोंद, ‘बंदुका इतक्या, पैकी नादुरुस्त इतक्या’ असे कागद. बंदूक घेणारा गिऱ्हाईक दारात उभा असला की कबाडी बंदूक त्याच्या हाती देतो, पितळेचे शिंग दिल्लीच्या दुकानदारासाठी बाजूला काढतो आणि दप्तर रद्दीच्या भावाने किलोवर घालतो. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. एका वाड्याच्या अंगणात एका बाजूस चार बंदुकांचा सौदा चालला होता आणि दुसऱ्या बाजूस तराजूत मोडी कागदांचे गठ्ठे चढत होते. सौदा करणारे गृहस्थ आपल्यातलेच, इतिहासप्रेमी, दरवर्षी शिवजयंतीस भाषण करणारे. त्या कागदांकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. बंदुकीची किंमत वाढत जाते तशी वाडा लवकर फोडण्याची घाई वाढते आणि कागद तितक्याच लवकर भट्टीत जातो. छंदिष्टाचा पैसा हा या साखळीतील तटस्थ दुवा नव्हे. तोच साखळी ओढतो आहे.

आता कायद्याकडे वळू. लेखकमहोदय लिहितात की जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही. हे विधान अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर भरवसा ठेवून तीन गृहस्थ बुंदेलखंडास गेले म्हणून त्याचा उलगडा करणे प्राप्त आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 45 व्या कलमात जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या वा मोडक्या हत्यारांना सूट आहे. परंतु ती हत्यारे दुरुस्त करून अथवा न करता, कोणत्याही रीतीने वापरता येण्याजोगी नसावीत अशी अट त्याच वाक्यात आहे. लोक वाक्याचा पूर्वार्ध पाठ करतात आणि उत्तरार्ध सोडून देतात. डिसेंबर 2019 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि एका परवानेदाराकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहाव्या असे ठरविले. मूळ प्रस्ताव तर एकाच बंदुकीचा होता. वारशाने आलेल्या बंदुकांनाही दोनचीच मर्यादा घातली गेली. जास्तीची बंदूक वर्षभरात ठाण्यात अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे आले. मग फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल करून ‘क्युरिओ’ वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळविण्यास व बाळगण्यास नागरिकांना परवान्याची गरज नाही असे केले. याच दाराने हा नवा छंद आमच्या समाजात शिरला आहे. पण त्याच नियमात पुढे स्पष्ट म्हटले आहे की असे शस्त्र वापरावयाचे, बरोबर न्यावयाचे अथवा एका जागेहून दुसरीकडे हलवावयाचे तर योग्य तो परवाना हवाच. मोटारीच्या डिकीत सतरंजीखाली दोन बंदुका घालून झाशीच्या रस्त्याने रात्री परतण्याचे जे वर्णन लेखात मोठ्या खुमारीने आले आहे, ते वाचून आम्हांस हसावे की वकिलाचा पत्ता कळवावा हे समजेना.

त्याखेरीज 1972 चा पुराणवस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुराणवस्तू. तिचा व्यापार करणाऱ्याने परवाना घेतला पाहिजे आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. अमेरिकेतील मुलाकडे ‘एखादा नग’ पाठविण्याची इच्छा लेखाच्या शेवटी आली आहे. ती इच्छाच राहो. अमेरिकेचा दाखला लेखकमहोदयांनी आणखी एका ठिकाणी दिला आहे, की तिकडे निवृत्त माणसे निर्धास्तपणे शेकड्यांनी बंदुका जमवितात. जमवितात, खरे आहे. परंतु त्या देशातही ज्याला जुन्या व दुर्मीळ बंदुकांचा संग्राहक म्हणून परवाना घ्यावयाचा असतो त्याला एक बांधीव नोंदवही ठेवावी लागते: कोणता नग, कोणाकडून, कोणत्या तारखेस आला, गेला तर कोणाकडे, केव्हा गेला. जिथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क समजतात तिथेही संग्राहकाला वही चुकलेली नाही. आमच्या लेखकमहोदयांच्या दिवाणखान्यात एकोणीस बंदुका आहेत आणि वही नाही. आणि अमेरिकेचाच दाखला हवा असेल तर तो पुरा घ्यावा: तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि त्यांत एकट्या पडलेल्या वृद्ध पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे. निवृत्तीनंतरचे एकटेपण ज्याने अनुभवले आहे त्याला याहून अधिक सांगावयास नको.

ठासणीच्या बंदुकीविषयी एक व्यवहाराची गोष्टही इथेच नोंदवितो, कारण ती कोणाचा तरी जीव वाचवू शकेल. जुन्या घरांत बंदूक भरून ठेवण्याची रीत होती. दरोड्याची भीती, आणि दारू-गोळी ठासावयास वेळ लागतो. माणूस मेला, बंदूक माळ्यावर गेली, बार आतच राहिला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. 2008 साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात तिकडील 1860 च्या दशकातील यादवी युद्धातला तोफेचा गोळा साफ करीत असता तो फुटून एक अनुभवी संग्राहक आपल्या घराच्या आवारातच ठार झाला. म्हणून अशी बंदूक हाती आली तर तोंड आपल्याकडे न करता गज आत सोडावा, तोंडापाशी खूण करावी, आणि मग गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण तोंडाशी धरली असता गजाचे टोक कान्यापर्यंत पोचले पाहिजे. दोन-तीन बोटे अलीकडे राहिले तर आत काहीतरी आहे, आणि पुढचे काम आपले नव्हे, पोलिसांना व जाणकारांना बोलवावे. लेखकमहोदयांनी नळ्या साफ करताना तारेचा ब्रश विजेच्या ड्रिलला लावल्याचे लिहिले आहे. एकोणीसही वेळा ते सुखरूप राहिले याबद्दल आम्ही कुलदैवताचे आभार मानतो.

हा सगळा विचार ग्वाल्हेरात बसून करावयाचा तर भोवतालही ध्यानात घ्यावा लागतो. चंबळेच्या या पट्ट्यात बंदूक ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. खांद्यावर दुनळी अडकवून मोटारसायकलवर जाणारा माणूस इथे कोणी वळून पाहत नाही. परवाना ही प्रतिष्ठा आहे आणि पोटाचे साधनही, कारण ज्याच्याजवळ बंदूक त्याला पहारेकऱ्याची नोकरी मिळते. 2008 साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात तर नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना प्रशासनाने काढली होती, आणि तिला प्रतिसादही मिळाला. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून पाहुणे मारले जात, म्हणून 2019 च्या दुरुस्तीत अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली. अशा प्रदेशात मराठी माणूस आजवर कारकुनी, शिक्षकी, गाणेबजावणे, वैद्यकी करीत राहिला आणि शेजाऱ्यांच्या या वेडापासून दूर राहिला, याचा आम्हांस अभिमान वाटत आला आहे.

पुरता दूर राहिला असे मात्र म्हणवत नाही. महात्माजींच्या हत्येत वापरलेले इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल घटनेच्या दोनच दिवस आधी, 28 जानेवारी 1948 रोजी, याच शहरात मिळविले गेले, हे खटल्यात पुढे आले. ग्वाल्हेरच्या एका मराठी डॉक्टरांवर त्या प्रकरणी आरोप झाला, शिक्षा झाली, आणि 1949 साली अपिलात ते निर्दोष सुटले. आमच्या वडीलधाऱ्यांनी या विषयावर घरात कधी तोंड उघडले नाही. त्या दिवसांत लष्करच्या मराठी आळ्यांतून दारे लावून बसलेली माणसे आम्हांस आईने सांगितली आहेत. आम्ही ही जखम कोणाला दुखविण्यासाठी उघडत नाही. परदेशातून आलेले, नोंद नसलेले एक लहानसे हत्यार ओळखीओळखीने हातोहात फिरते आणि कोठे जाऊन थांबते, याचा याहून जवळचा दाखला आम्हांस ठाऊक नाही. ‘ओळखीच्या माणसाकडून घेतले, कागद कशाला’ हे वाक्य मागील अंकातील लेखात दोन ठिकाणी आहे.

आणि छंदिष्टाच्या पश्चात काय? आमच्या वडिलांजवळ परवान्याची एक दुनळी होती. ते वारले तेव्हा आई साठीच्या पुढे होती. परवानेदार गेला की हत्यार विनाविलंब ठाण्यात वा विक्रेत्याकडे जमा झाले पाहिजे हा कायदा. तो बरोबरच आहे. पण त्या तेराव्याच्या आधीच्या दिवसांत ती बंदूक चादरीत गुंडाळून आईबरोबर रिक्षात बसलेले आम्ही, ठाण्यातील बाकावरचे तीन तास, ‘काडतुसे किती होती आणि किती आहेत’ हा प्रश्न, आणि त्या प्रश्नावर आईचा चेहरा, हे आम्ही विसरलेलो नाही. दोन काडतुसांचा हिशेब लागेना. वडिलांनी ती कोठे ठेवली, केव्हा उडविली, कोणालाच माहीत नव्हते. ती एकच बंदूक होती, तिला परवाना होता, आणि कागद एका फाइलीत होते. एकोणीस बंदुकांची, फाइलीवाचूनची, ती सकाळ लेखकमहोदयांनी आपल्या पत्नीच्या जागी बसून एकदा कल्पून पाहावी. मुले बंगळुरास आहेत.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो पुष्कळसा खरा आहे, म्हणून त्याला वळसा घालीत नाही. आम्ही घेतले नसते तर हे सारे भंगारात वितळले असते, असे लेखकमहोदय म्हणतात. सरकारजमा झालेली हत्यारे मालखान्यात कशी पडून असतात हे ज्याने पाहिले आहे त्याला या म्हणण्याची थट्टा करता येणार नाही. ओल, वाळवी, दोरीने बांधलेले भारे, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवरची पुसलेली शाई. 2019 नंतर ज्या घरांनी तिसरी बंदूक इमानाने जमा केली त्यांत काही बंदुका वास्तविक संग्रहालयात जावयाच्या लायकीच्या होत्या. ठाण्यातील हवालदाराला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता आणि कळविणारी यंत्रणा नव्हती. कायदा करणाऱ्यांनी गुन्हेगाराचा कट्टा आणि पणजोबांची बंदूक एकाच तराजूत घातली, हा त्यांचा दोष आम्ही मुक्तकंठाने सांगू. संग्रहालयांची कोठारेही काही फार चांगल्या स्थितीत असतात असे नव्हे. तेव्हा खासगी संग्राहक असूच नये, हा आमचा पक्ष नाही. पुण्यातील दिनकर केळकर सरकारी अधिकारी नव्हते, चष्म्यांच्या व्यवसायातले गृहस्थ होते. त्यांनी अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत हजारो वस्तू गावोगाव हिंडून पदरमोडीने जमविल्या, आणि तो सारा संग्रह दिवंगत मुलाच्या नावाने लोकांच्या स्वाधीन केला. त्यांच्या वस्तू आज लोकांच्या आहेत. दिवाणखान्यातल्या वस्तू पाहुण्यांच्या असतात.

दुसऱ्या प्रकारचाही संग्रह असतो, आणि तो आम्हां पेन्शनरांच्या खिशाला व गुडघ्यांना अधिक मानवणारा आहे. भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील शोभेच्या दारूचा 1400 ते 1900 पर्यंतचा इतिहास लिहिला. त्यांच्या घरी भिंतीवर बंदुका टांगल्या होत्या असे आमच्या ऐकिवात नाही. त्यांनी जमविले ते पोथ्यांतील उल्लेख, बखरींतील ओळी, प्रवाशांच्या टिपा. महादजींच्या फौजेसाठी आग्र्यास तोफा आणि बंदुका घडविणारा कारखाना होता, त्यावर सँग्स्टर नावाचा स्कॉच माणूस होता, एवढे इंग्रजी पुस्तकांतून कळते. पण त्याच्या हाताखाली घण मारणारे लोहार कोण, त्यांना पगार काय, कोळसा कोठून येई, दस्त्याचे लाकूड कोणत्या जंगलातले, हे सांगणारा कागद इकडच्याच कोणा फडणिसाच्या पेटीत असण्याचा संभव आहे, आणि ती पेटी येत्या दहा वर्षांत रद्दीत जाणार आहे. मोडी वाचणारे आमच्या मंडळात आता दोघेच उरले आहेत, दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे. निवृत्तीनंतर सहा वर्षे आणि काही लाख रुपये ज्यांच्याजवळ मोकळे होते त्यांनी त्यातील एक वर्ष मोडी शिकण्यात घालविले असते, तर आज त्या सतरा बंदुकांपैकी चार-पाचांना तरी गाव मिळाले असते.

अजूनही वेळ गेलेली नाही. कबाडी जिवंत आहेत, त्यांच्या स्मरणात वाड्यांची नावे आहेत, लेखकमहोदयांजवळ त्यांचे दूरध्वनी क्रमांक असणारच. आम्ही दोनशे पानांची एक बांधीव वही विकत आणली असून पहिल्या पानावर आमच्याच त्या बंदुकीची नोंद केली आहे: मामांच्या वाड्यातून, अमुक साली, लांबी इतकी, नळी लेखकाने घासून खराब केली, कान्यापासून वीतभर अंतरावर ठिपक्यांची अक्षरे होती, पहिले बहुधा ‘स’, पुढील वाचता येत नाहीत. उरलेली पाने कोरी आहेत. लेखकमहोदयांची संमती असेल तर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही, मोडी वाचणारे ते दोघे सभासद आणि छायाचित्रे काढणारा आमचा नातू असे चौघे त्यांच्या घरी येऊ. मोजपट्टी, गज आणि विजेरी आम्ही आणतो. त्यांनी एकोणीसही बंदुका भिंतीवरून उतरवून सतरंजीवर ठेवाव्या, तोंडे खिडकीकडे, आणि तोवर कोणत्याही नळीला हात लावू नये. चहा मात्र वहिनींच्या हातचा हवा.